अर्जदाराचा जगाचा नकाशा

डिसेंबर १६००. दक्षिण पेरूच्या डोंगराळ मुलखातले हुआमांगा शहर, म्हणजे आजचे आयाकुचो. जवळच्या चुपास खोऱ्यातल्या जमिनींचा काही वर्षे चाललेला दावा तिथे निकाली निघाला. हरलेल्या पक्षकाराला शिक्षा झाली: चारचौघांत दोनशे फटके आणि दोन वर्षांची हद्दपारी. जमीन गेली ती गेलीच, पण निकालपत्रातला ओळखीबद्दलचा ठपका त्याहून बोचरा आहे. हा मुळात साध्या रयतेतला माणूस, लबाडीने सरदार म्हणवून घेतो आणि लोकांकडून मान उकळतो, असा त्याचा आशय. विरुद्ध पक्षाचे म्हणणे तर असे होते की याचे खरे नावसुद्धा वेगळे आहे.

चौदा वर्षांनी, १४ फेब्रुवारी १६१५ रोजी, लुकानास प्रांतातल्या सांतियागो दे चिपाओ या गावातून एक पत्र निघाले. पत्ता थेट स्पेनच्या राजाचा, तिसऱ्या फेलिपेचा. लिहिणारा सांगतो की मी ऐंशी वर्षांचा झालो आहे, या राज्याचा इतिहास मी लिहून पूर्ण केला आहे, आज्ञा झाली तर पाठवतो. खाली सही डॉन फेलिपे ग्वामान पोमा दे आयाला याची. फटके ज्याला फर्मावले गेले तो हाच. हे पत्र सेव्हिलच्या इंडीज अभिलेखागारात आहे. ज्या ग्रंथाबद्दल ते लिहिले तो कोपनहेगनच्या शाही ग्रंथालयात आहे, आणि दाव्याची काही कागदपत्रे पेरूमधल्या एका घराण्याकडे राहून १९९१मध्ये छापली गेली. तीन ठिकाणचे हे कागद एकत्र ठेवल्याशिवाय त्या ग्रंथातला जगाचा नकाशा नीट वाचता येत नाही, असे माझे मत आहे.

मराठी वाचकाला या प्रकारच्या कागदांची सवय असायला हरकत नाही. वतनाच्या भांडणात गोतसभेपुढे जो करीना दाखल होत असे, त्यात वादी आपले घराणे थेट मूळ पुरुषापर्यंत नेतो, आजोबांचा पराक्रम सांगतो, कोणत्या राजाने कोणता मान दिला ते लिहितो. त्यातले निम्मे खरे असते, निम्मे गरजेपुरते. तरी इतिहासकार करीना फेकून देत नाही. तो का लिहिला गेला हे कळले की त्यातून बरेच काही निघते. ग्वामान पोमाचा ग्रंथ ११८९ पानांचा, त्यात पानभर आकाराची ३९८ रेखाचित्रे, आणि तरीही त्याचा मूळ पिंड करीन्याचाच आहे. वडील ग्वामान माल्की यांनी एका स्पॅनिश कप्तानाचा लढाईत जीव वाचवला म्हणून ‘आयाला’ हे आडनाव मिळाले, आजा कापाक आपो ग्वामान चावा हा इंकाचा दुय्यम, म्हणजे साम्राज्यात दुसऱ्या क्रमांकाचा माणूस होता, अशी ती मांडणी आहे.

आता नकाशा. ग्रंथाच्या शेवटाकडे, समोरासमोरच्या दोन पानांवर तो पसरला आहे. पानांवर ९८३ आणि ९८४ हे आकडे ग्वामान पोमाने स्वतः घातले. मोजताना तो वाटेत चुकला होता, त्यामुळे खरी पाने १००१ आणि १००२ ठरतात. शीर्षकात तो याला इंडीजच्या, म्हणजे स्पेनने जिंकलेल्या अमेरिकी मुलखाच्या, राज्याचा जगाचा नकाशा म्हणतो. पहिल्या नजरेत काम युरोपीय वाटते: भोवती समुद्र, समुद्रात शिडाची जहाजे, मासे, एक मत्स्यकन्या, डोंगरांपलीकडच्या अरण्यात कल्पित जनावरे, वरच्या बाजूला सूर्य आणि चंद्र, पार्श्वभूमीला आडव्याउभ्या रेषांची जाळी. छापील युरोपीय ग्रंथ त्याने पाहिले होते, आणि नकाशावर काय काय असले की तो नकाशा दिसतो हे त्याला पक्के ठाऊक होते.

पण जाळीच्या आत जे आहे ते युरोपातून आलेले नाही. मधोमध इंकांची राजधानी कुस्को. कुस्कोमध्ये दहावा इंका तुपाक युपांकी आणि त्याची राणी. कुस्कोपाशी मिळणारे राज्याचे चार भाग, आणि प्रत्येक भागात पुन्हा एक जोडपे: त्या भागाचा राजा आणि त्याची राणी. तावांतिनसुयु या इंका राज्याची रचनाच अशी चौभागी होती. वर आंतिसुयु, उजवीकडे कोल्लासुयु, खाली समुद्रकाठचा कोंदेसुयु, डावीकडे चिंचायसुयु. चिंचायसुयुच्या जोडप्याची नावे वाचली की थांबावे लागते: कापाक आपो ग्वामान चावा आणि पोमा ग्वाल्का. नकाशाकाराचे आजा आणि आजी.

आणखी एक गोष्ट. तुपाक इंका युपांकी हा पंधराव्या शतकातला राजा; कोणी स्पॅनिश माणूस पेरूत पाय ठेवण्याच्या कितीतरी आधी गेला. त्याच कागदावर स्पॅनिशांनी वसवलेली शहरे आपापल्या नावांनी उभी आहेत. म्हणजे हा धड १६१५चा नकाशा नाही आणि धड इंका काळाचाही नाही. जिंकणाऱ्यांची शहरे आहेत, पण ती ज्याच्या राज्यात वसली आहेत तो राजा अजून गादीवर आहे.

जुन्या काही वाचकांनी हा नकाशा बाळबोध ठरवला, कारण दिशा चुकल्यासारख्या वाटतात. एक साधा प्रयोग करता येतो. आजचा पेरूचा नकाशा घ्यावा आणि असा फिरवावा की पॅसिफिकचा किनारा तळाशी येईल. मग अरण्याचा मुलूख वर जातो, क्विटोची बाजू डावीकडे येते, तितिकाका सरोवर आणि चिले उजवीकडे. ग्वामान पोमाच्या कागदावर क्रम हाच आहे. अंतरे मोजायला हा नकाशा निरुपयोगी आहे, ते खरे. पण कोणता मुलूख कुस्कोच्या कोणत्या अंगाला, यात गोंधळ नाही. उत्तर वर असावी हा दंडक त्याने पाळला नाही, एवढेच.

तो त्याला जमला नाही म्हणून पाळला नाही, की पाळायचाच नव्हता? इथे दाव्याचे कागद कामाला येतात.

१५९४च्या सुमारास हुआमांगात जमिनींची तपासणी आणि मालकीपत्रे देण्याचे काम चालू होते, आणि ग्वामान पोमा त्या कामी दुभाष्या होता. केचुआ बोलणारा शेतकरी एका बाजूला, स्पॅनिश न्यायाधीश दुसऱ्या बाजूला, मध्ये हा. हद्दी कशा सांगायच्या, कोणता ओढा, कोणता रस्ता, कोणाचे शेत कुठे संपते, कागदावर काय लिहिले की ते ग्राह्य धरले जाते, हे त्याने रोज ऐकले आणि रोज भाषांतर करून सांगितले. त्याच सुमारास त्याने आपल्या कुटुंबातर्फे चुपासच्या जमिनींवर दावा लावला. समोर होते चाचापोया लोक, मूळचे पेरूच्या उत्तरेकडचे आणि स्पॅनिशांचे जुने साथीदार. दाव्याच्या पुडक्यात लेखी पुराव्यांबरोबर पूर्वजांची चित्रे आहेत आणि हुआमांगा शहर व चुपास परिसर दाखवणारा एक नकाशाही आहे. ही चित्रे ग्वामान पोमाच्याच हातची, असे रोलेना अडोर्नो यांच्यासारख्या अभ्यासकांचे मत आहे. आकृत्यांची ठेवण आणि अक्षर पाहता मलाही ते पटते.

हा नकाशा कोर्टासाठी काढलेला आहे. त्यात मत्स्यकन्या नाही, सूर्यचंद्र नाहीत. शहर कुठे, जमीन कुठे, हे न्यायाधीशाला कळावे एवढाच त्याचा हेतू. म्हणजे जमिनीवर जाऊन ताडून पाहता येईल असा, सरकारी नजरेला समजणारा नकाशा कसा असतो, हे या माणसाला १६१५च्या कितीतरी आधी माहीत होते. त्याने त्या भाषेत दाद मागून पाहिली. मध्यंतरी काही निवाडे त्याच्या बाजूने लागले, पण अखेर फटके आणि हद्दपारी पदरात पडली. यानंतर राजासाठी काढलेल्या नकाशात त्याने मोजणीची पद्धत बाजूला ठेवली. याला अडाणीपणा म्हणता येणार नाही. तो निर्णय होता.

राजाकडे तोपर्यंत कोणते नकाशे होते, तेही पाहावे. माद्रिदला राजाचा प्रमुख भूवर्णनकार हुआन लोपेस दे वेलास्को याने १५७७मध्ये इंडीजभर पन्नास प्रश्नांची प्रश्नावली पाठवली: गाव कोणत्या उंचीवर, हवा कशी, लोक पूर्वी कोणाला कर देत, खाणी कोणत्या, आणि गावाचा आराखडा काढून पाठवा. लुकानास प्रांताची उत्तरे १५८६मध्ये तिथला कोरेहिदोर, म्हणजे प्रांताचा स्पॅनिश अंमलदार, लुईस दे मोन्सोन याने पाठवली. ती छापून उपलब्ध आहेत. ग्वामान पोमाचा मुलूख असा तो जिवंत असतानाच प्रश्नोत्तरांत बसवला गेला होता. वेलास्कोचे नकाशे बरीच वर्षे सरकारी गुपित म्हणून राहिले. पुढे अंतोनियो दे एर्रेरा याने इंडीजचे वर्णन छापले, १६०१मध्ये, तेव्हा त्यांच्यावर आधारलेले चौदा नकाशे लोकांसमोर आले. त्यांत किनाऱ्याची रेषा, अक्षांश, गावांचे ठिपके. कुस्को हा इतर ठिपक्यांसारखा एक ठिपका.

मेक्सिकोच्या बाजूला याच प्रश्नावलीला आलेल्या काही उत्तरांत गंमत झाली. तेओसाकोआल्को गावच्या मिश्तेक चित्रकाराने १५८०मध्ये भला मोठा गोल नकाशा काढला, हद्दी दाखवल्या, आणि शेजारी तिथल्या राजघराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ उभी केली. विचारले होते गाव कुठे आहे. उत्तर आले गाव कोणाचे आहे. १९४९मध्ये आल्फोन्सो कासो यांना मिश्तेक चित्रपोथ्यांचा उलगडा करता आला तो याच नकाशाच्या आधारे. नकाशाच्या चौकटीत वंशावळ घुसवणारा ग्वामान पोमा एकटा नव्हता, हे सांगण्यासाठी एवढे पुरे.

त्याच्या ग्रंथात जगाचे आणखी एक चित्र आहे, बरेच आधी, ४२व्या पानावर. एकावर एक दोन चौकोनी मुलूख. वर पेरूचे इंडीज, त्यात मध्ये कुस्को आणि भोवती चार गावे. खाली कास्तील, म्हणजे स्पेन, तिथेही एक गाव मध्ये आणि चार भोवती. सूर्य वरच्या मुलखावर. शेजारचा मजकूर सांगतो की इंडीज उंचावर आहेत, सूर्याच्या जवळ आहेत. कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटरवर आहे, तेव्हा उंचीबद्दल त्याच्याशी वाद घालता येत नाही. मला अधिक लक्षणीय वाटते ती खालची बाजू. त्याने कास्तीलला खाली ठेवलेच, शिवाय तावांतिनसुयुच्या साच्यात बसवले. मधले एक आणि भोवतीचे चार, हा त्याच्या दृष्टीने कोणत्याही नीट चाललेल्या राज्याचा आकार आहे. स्पेनलाही त्याने तो उदारपणे देऊ केला.

त्याच साच्यातून त्याची राजकीय योजना निघते, आणि जगाचा नकाशा या योजनेचीच जोडपत्रिका आहे. नकाशाच्या अलीकडची पाने म्हणजे राजाशी कल्पिलेला संवाद: राजा विचारतो, लेखक उत्तर देतो. एका चित्रात लेखक गुडघे टेकून राजासमोर ग्रंथ घेऊन बसला आहे. नम्रता पुरेपूर, उत्तरे मात्र कारभाऱ्याने धन्याला सुनावावे तशी, प्रजा का घटत चालली, पाद्री आणि कोरेहिदोर काय करतात, काय बंद करावे. आणि थोडे आधी जगाच्या व्यवस्थेचा प्रस्ताव. जगाचे चार राजे असावेत. इंडीजचा राजा म्हणून मी माझा मुलगा देतो, तो तुपाक इंका युपांकीचा वंशज आहे. दुसरा गिनीचा कृष्णवर्णी राजपुत्र, तिसरा रोमच्या ख्रिस्ती लोकांचा राजा, चौथा तुर्कांच्या मुलखातल्या मुसलमानांचा. चौघेही मुकुटधारी. त्यांच्या मध्ये, कोणत्याही भागाचा प्रत्यक्ष कारभार न करता, साऱ्या जगाचा सम्राट म्हणून फेलिपे.

वरवर पाहता ही राजाची स्तुती आहे. नीट पाहिले तर फेलिपेला त्याने नकाशातल्या इंकाच्या जागी बसवले आहे आणि कारभार चौघांकडे सोपवला आहे. या मांडणीत इंडीजमध्ये स्पॅनिश अंमलदाराला जागाच उरत नाही. तिसरा फेलिपे त्या काळात पोर्तुगालचाही राजा होता. दोन्ही मुकुट १५८० ते १६४० एकाच घराण्याकडे होते. म्हणजे जुने गोवे आणि तिथला व्हाइसरॉय याच धन्याचे चाकर. गोव्याच्या मुलखाचा विचार ग्वामान पोमाने वेगळा केलेला दिसत नाही, पण त्याची योजना मान्य झाली असती तर मांडवीकाठच्या अंमलदारांचेही कठीण होते.

इथे सावध व्हायला हवे. आजच्या चळवळींना हवा तसा वीर या कागदांतून निघत नाही. १५६०च्या दशकाअखेरीस क्रिस्तोबाल दे आल्बोर्नोस याने ताकी ओन्कोय या स्थानिक धर्मजागराविरुद्ध मोहीम काढली, तिच्यात ग्वामान पोमा सामील होता, आणि आल्बोर्नोसबद्दल तो आदराने लिहितो. तो कट्टर ख्रिस्ती होता. संकरातून झालेल्या लोकांचा त्याला तिटकारा. मात्र ज्याने अक्षरओळख दिली तो सावत्र भाऊ मार्तिन दे आयाला संकरातलाच, आणि त्याची तो तोंड भरून स्तुती करतो. आजा-आजीला नकाशात राज्यावर बसवणे हीदेखील निव्वळ वसाहतवादविरोधी कृती नाही. ज्या ओळखीला कोर्टाने खोटे ठरवले तिचे ते अपील आहे. ग्रंथात त्या शिक्षेचा उघड उल्लेख येत नाही. जमिनी लुबाडल्याची तक्रार येते, आणि म्हातारा लेखक मुलाला घेऊन लिमाच्या वाटेला लागल्याचे चित्र येते. सोबत गुइयादो नावाचा घोडा आणि आमिगो व लाउतारो हे दोन कुत्रे. लाउतारो हे चिलेत स्पॅनिशांना धूळ चारणाऱ्या मापुचे सेनानीचे नाव. कुत्र्याला ते देण्यात आदर होता की नाही, वाचकाने ठरवावे.

चित्रकलेचा हात कसा तयार झाला याचाही माग लागतो. मार्तिन दे मुरुआ या पाद्र्याने इंकांचा इतिहास लिहिला, त्याच्या १५९०च्या हस्तलिखितातली बरीच चित्रे ग्वामान पोमाची आहेत. पुढे दोघांचे बिनसले. ग्वामान पोमाने आपल्या ग्रंथात मुरुआला विणकाम करणाऱ्या बाईला मारताना रंगवले, आणि त्याने माझी बायको पळवायचा प्रयत्न केला, असेही लिहिले. लेखक आणि चित्रकार यांची भांडणे जुनीच आहेत.

१९९०च्या दशकात नेपल्सच्या एका खासगी संग्रहातून काही कागद पुढे आले आणि ग्रंथ ग्वामान पोमाचा नसून ब्लास व्हालेरा या जेझुइटाचा आहे, असा गवगवा झाला. अडोर्नो आणि कोपनहेगनचे इव्हान बोसेरुप यांनी मूळ हस्तलिखिताची शाई, कागदांच्या घड्या, मागाहून घातलेली पाने आणि दुरुस्त्या तपासल्या. सारा ग्रंथ एकाच हाताचा निघाला. लिमाच्या प्रवासाची पाने त्याने ग्रंथ संपवल्यावर मध्ये घुसवली, हेही त्यातच कळले. इतक्या दुरुस्त्या, खाडाखोड, चुकलेले पानांचे आकडे हे स्वतःच्या कागदावर पुन्हापुन्हा बसणाऱ्या माणसाचे काम दिसते. व्हालेराबद्दलचा दावा आज फारसे कोणी ग्राह्य धरत नाही.

हस्तलिखित डेन्मार्कला पोहोचले ते बहुधा सतराव्या शतकात स्पेनमध्ये असलेल्या डॅनिश राजदूताबरोबर. ते ओळखले १९०८मध्ये ग्योटिंगेनच्या रिखार्ड पीचमान यांनी, आणि १९३६मध्ये पॅरिसला त्याची हुबेहूब प्रत छापली गेली. या तारखा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत, कारण लॅटिन अमेरिकेचा नकाशा उलटा करण्याचे श्रेय साधारणपणे उरुग्वेचा चित्रकार होआकिन तोरेस-गार्सिया याला दिले जाते. त्याचे प्रसिद्ध रेखाचित्र १९४३चे: दक्षिण टोक वर, विषुववृत्त खाली. ते चित्र झटक्यात कळते आणि त्यामुळेच भिंतींवर, टी-शर्टांवर गेले. पण तिथे कागद फिरवला आहे. आतला किनारा जसाच्या तसा. ग्वामान पोमाने नुसता कागद फिरवला नाही, मध्य बदलला आणि आत माणसे बसवली. माझा कौल त्याच्या बाजूने आहे.

जगाच्या नकाशानंतर ग्रंथात शहरांची रांग लागते, एका पानावर चित्र, मग वर्णन. बोगोताकडून सुरुवात होऊन ती चिलेपर्यंत जाते. त्यात पोतोसीचे पान वेगळे काढून पाहावे. खाली गाव आणि चांदीचा डोंगर. त्या एका डोंगराच्या चांदीवर स्पेनच्या लढाया आणि कर्जे चालत होती. वर स्पेनच्या राजचिन्हातले हर्क्युलिसचे दोन खांब. युरोपातल्या छापील प्रतिमांत हे खांब समुद्रापलीकडच्या साम्राज्याची खूण म्हणून स्वतःच्या बळावर उभे असतात. इथे ते इंकाने धरले आहेत. हे खांब मी तोलून धरले आहेत, अशा अर्थाची लॅटिन ओळही त्याने वर घातली आहे, आणि शेजारच्या मजकुरात रोखठोक हिशेब मांडला आहे: या खाणीमुळे कास्तील कास्तील आहे, रोम रोम आहे, पोप पोप आहे, आणि राजा जगाचा राजा आहे. इंकाच्या सोबतीला चार भागांचे चार राजे उभे आहेत. त्यांतला चिंचायसुयुचा राजा म्हणजे, ग्वामान पोमाने दिलेल्या वंशावळीप्रमाणे, त्याचा आजा.